आलोच आहोत तर

यादवरावांचं आडनाव यादव नाही. याद्या करतात म्हणून आमच्या गल्लीतल्या चार मराठी घरांनी त्यांना ते नाव दिलं, आणि त्यांनी ते इतक्या आनंदानं घेतलं की आता व्हॉट्सॲपवरच्या शुभेच्छांखाली तेच लिहितात. 2023 च्या ऑगस्टात कंपनीनं त्यांना पुण्याहून ॲमस्टरडॅमला पाठवलं. तिथली घरभाडी बघून ते बाडहूव्हडॉर्पला आले. रिंगफार्ट कालव्याच्या पलीकडे ॲमस्टरडॅम आणि अलीकडे हार्लेमरमेर नगरपालिकेतलं हे आमचं गाव. यादवराव पत्ता सांगताना कालवा गाळतात. पुण्यातही ते राहायचे वाघोलीला आणि सांगायचे 'विमाननगरच्या जरा पुढे'. विमानतळाशी असलेलं नातं त्यांनी इथेही राखलंय. स्खिपोल इतकं जवळ आहे की सकाळी चहाचा कप हातात धरून, मोबाइलमध्ये बघत, ते 'मुंबई उतरली' अशी घोषणा करतात. कुणी विचारलेलं नसतं.

आल्या आल्या त्यांनी गावाचा इतिहास वाचून काढला आणि आईला फोनवर ऐकवला. इथे पूर्वी भलंमोठं तळं होतं, वाफेच्या पंपांनी उपसून 1852 साली ते कोरडं केलं, आणि आज आपण समुद्रसपाटीच्या चारेक मीटर खाली झोपतो, वगैरे. आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पंप चालू आहेत ना रे अजून?"

अशी माणसं तुम्ही पाहिली असतील. नव्या शहरात सामान उघडायच्या आधी त्या शहराचं कॅलेंडर उघडतात. यादवरावांचं पेटंट वाक्य आहे 'आलोच आहोत तर'. आलोच आहोत तर बघून घेऊ. आलोच आहोत तर खाऊन बघू. बारा अंशांत आइस्क्रीम खातानाही हेच, आणि पवनचक्कीच्या चौथ्या जिन्यावर दम लागलेल्या वहिनींना उद्देशूनही हेच. वहिनी एकदा म्हणाल्या, "अहो, आपण राहायला आलोय. परतीचं तिकीट नाहीये आपलं." यादवरावांना पटलं. पण यादी कमी झाली नाही.

आणि नेदरलँड्समध्ये यादीला खाद्य भरपूर. नोव्हेंबर लागला की इथे एकामागून एक सुरूच होतं. सुरुवात 11 नोव्हेंबरच्या सिंट मार्टेनची. आमच्या उत्तर हॉलंडात त्या संध्याकाळी पोरं कागदी कंदील घेऊन दारोदार गाणी म्हणतात आणि खाऊ घेऊन जातात. आपल्या भोंडल्यानं घर सोडून गल्लीत फिरावं तसा प्रकार. यादवरावांना याचा पत्ता नव्हता. पहिल्या वर्षी लक्ष्मीपूजन नेमकं 12 तारखेला होतं, त्यामुळे आदल्या दिवशी त्यांच्या दारावर पुण्याहून आणलेला आकाशकंदील झळकत होता. अंधार पडला, घंटी वाजली. दारात आठ-दहा सोनेरी केसांची पोरं, प्रत्येकाच्या हातात कंदील, आणि सगळी एका सुरात गातायत. यादवरावांचा गळा दाटून आला. पहिलीच दिवाळी, आणि शेजारची मुलं कंदील घेऊन शुभेच्छा द्यायला आली! त्यांनी पोरांना ओळीनं उभं केलं, बेसनाचा एकेक लाडू हातावर ठेवला, वर चकली. एका पोरानं लाडू कंदिलाच्या उजेडात फिरवून फिरवून पाहिला आणि खिशात घातला. पुण्याला रात्रीत बारा फोन गेले. दुसऱ्या दिवशी मी खरा प्रकार सांगितला तर यादवराव क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "असू दे. आलीच होती तर!" आता दर वर्षी ते दोन डबे जास्तीचे करवून घेतात. त्या पोरांत लाडवाची कीर्ती पसरली आहे. त्या दारावरची गर्दी बाकीच्या गल्लीच्या दुप्पट असते.

पुढे सिंटरक्लास. नोव्हेंबरच्या मध्यावर हा दाढीवाला संत बोटीनं स्पेनहून येतो अशी इथली समजूत, आणि 5 डिसेंबरच्या संध्याकाळी भेटी मिळतात. पोरं हीटरपाशी बूट ठेवतात, त्यात संताच्या घोड्यासाठी गाजर. यादवरावांनी स्वतःचाही बूट ठेवला. सकाळी वहिनींनी तो गाजरासकट बाहेर नेऊन वाळत घातला. त्याच दिवसांत दुकानांत चॉकलेटची अक्षरं मिळतात, ज्याच्या त्याच्या नावाचं आद्याक्षर. कुणीतरी सांगितलं की अक्षर कुठलंही असो, वजन सगळ्यांचं सारखंच असतं. आय जाड करतात, डब्ल्यू बारीक. खोक्यावर वजन छापलेलं असतं. पण छापलेल्यावर विश्वास ठेवला तर ते यादवराव कसले! ओट्यावर कणकेचा काटा ठेवला, चष्मा कपाळावर, एक आय, एक डब्ल्यू. दोन्हींचे आकडे वहीत लिहिले. "आयनं फसवणूक नाही," असा निकाल दिला आणि पुरावा लगेच खाऊन टाकला.

ऑफिसात सिंटरक्लासला चिठ्ठ्या टाकून एकमेकांना भेट द्यायची, आणि भेटीबरोबर यमक जुळवलेली कविता. ज्याला भेट द्यायची त्याच्या सवयींची जरा टिंगल करणारी. बाकीचे परदेशी सहकारी घामाघूम. यादवराव निवांत. "अरे, हा तर उखाणा!" त्यांच्या चिठ्ठीत त्यांची साहेबीणच निघाली, रोज दुपारी पावाचे दोन तुकडे आणि मध्ये चीज खाणारी. आधी मराठीत जुळवलं: 'बाहेर पडतो पाऊस, आत चालते मीटिंग, दोन पावांच्या जेवणात कसलं आलंय ईटिंग!' मग त्याचं इंग्रजी केलं, आणि शेवटी रीतसर, बाईंचं नाव घेतो, पाच वाजता घरी सोडा. डच माणसं पाचला घरी जाण्याच्या बाबतीत भावुक असतात. टाळ्या पडल्या. वहिनींनी हे ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या, "लग्नात एका उखाण्यासाठी मामांनी तीनदा पाठीवर थोपटलं होतं यांच्या."

नाताळचा बाजार बघायचा म्हणून ते पार दक्षिणेला, लिंबुर्गातल्या फाल्केनबर्गला गेले. तिथे जुन्या खाणींच्या गुहांमध्ये बाजार भरतो. जाताना डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, येताना एक छोटी पितळी घंटा. खरेदी एवढीच, कारण प्रत्येक किंमत तेव्हा मनातल्या मनात गुणिले नव्वद व्हायची. जुने लोक गुणाकार सोडून देतात. यादवरावांचा अजून सुटलेला नाही. ॲमस्टरडॅमच्या कालव्यांवर 2012 पासून दर हिवाळ्यात दिव्यांचा महोत्सव भरतो, त्यातली बोटफेरी त्यांनी चार माणसांच्या तिकिटाचे रुपये करून रद्द केली. मग काठाकाठानं अडीच तास चालवलं. पोरांची नाकं लाल झाली. यादवराव पुलावर उभे राहून म्हणाले, "बोटीतल्यांना हे असं वरून दिसत नाही." खोटं नव्हतं ते.

इथवर मीही त्यांना हसायचो. पण 25 डिसेंबरला हा देश कसा होतो ते नव्यानं आलेल्यालाच विचारावं. पावणेनऊला उजाडतं, साडेचारला मावळतं. बहुतेक दुकानं बंद, रस्त्यावर माणूस नाही, आणि इथल्या लोकांना पडदे ओढायची सवय नसल्यामुळे प्रत्येक खिडकीतून आतलं भरलेलं टेबल दिसतं. 26 तारखेलाही सुट्टीच, म्हणजे तेच सगळं पुन्हा. पहिल्या वर्षी यादवराव दुपारी जेवून चक्कर मारायला निघाले, गावाला पूर्ण फेरी घातली, आणि परत येऊन आमची घंटी वाजवली. "काही नाही, सहज," म्हणाले. दोन तास बसले. एकही यादी काढली नाही.

दुसऱ्या वर्षीपासून 25 ची संध्याकाळ त्यांच्या घरी. ज्यांना सुट्टी मिळाली नाही, किंवा विमानाचं भाडं परवडलं नाही, ती आम्स्टलव्हीनची, डेल्फ्टची सगळी एकटी पोरं-पोरी त्यांच्याकडे. टेबलाच्या मध्यभागी इथली ती विजेची छोटी शेगडी, जिच्यावर प्रत्येकानं आपापला तुकडा भाजून खायचा. गुर्मेटन म्हणतात त्याला. डच लोक मांस भाजतात. इथे पनीर, ढोबळी मिरची, आणि नऊनंतर मिनी थालीपीठं. धुराची घंटा दर वर्षी वाजते. एक उंच पोरगा कायमचा नेमलाय, टॉवेल हलवायला. नांदेडची एक मुलगी मागच्या वर्षी थालीपीठ उलटताना रडली आणि कांद्यावर ढकललं. कांदा तिच्या थालीपिठात नव्हताच. यादवरावांनी न बोलता तिच्यापुढे लोण्याची वाटी सरकवली.

थर्टीफर्स्टला ऑलीबोलन, म्हणजे मनुका घातलेले तळलेले गोळे, वर पिठीसाखर. यादवराव त्यांना गुलगुलेच म्हणतात, दुकानदारासमोरसुद्धा. पुण्यात सोसायटीत 'फटाकेमुक्त दिवाळी'ची पत्रकं वाटणारा हा माणूस इथे फटाक्यांच्या रांगेत पुढे. विक्री वर्षाच्या फक्त शेवटच्या तीन दिवसांत व्हायची, तेव्हा रांगा मोठ्या असायच्या. 2025 साली इथल्या संसदेनं लोकांनी फटाके उडवण्यावर बंदीचा कायदा मंजूर केला, आणि त्या डिसेंबरात शेवटचीच संधी म्हणून त्यांनी दुप्पट आणले. मी पत्रकांची आठवण करून दिली. "ते तत्त्व होतं," ते म्हणाले, "हा अनुभव आहे."

जानेवारीत देश गप्प होतो, यादवराव नाही. संक्रांतीला त्यांनी शेजारच्या डच आजोबांना तिळगूळ दिला आणि गोड बोलायला सांगितलं. आजोबा विचारात पडले. डच माणूस स्पष्ट बोलण्याला सद्गुण मानतो. त्यांनी विचारलं, "मी काही वावगं बोललो का?" अर्धा तास समजावणं चाललं. शेवटी आजोबा वडी तोंडात टाकून म्हणाले, "कडक आहे." यादवरावांनी ते वहीत लिहून ठेवलंय, पुढच्या वर्षी गूळ चिक्कीचा नको म्हणून.

डिसेंबरात इकडे येणार असाल तर हॉटेल शोधत बसू नका, यादवरावांना कळवा. बूट मजबूत घाला, अंगावर तीन थर चढवा, आणि परत गेल्यावर दोन दिवसांची रजा शिल्लक ठेवा. पुऱ्या आणू नका, त्या असतात. भाजणी संपत आलीय, ती आणा.