सूक्ष्म उद्योगातला मोठा माणूस

प्रस्तुत लेखकाचा उद्योग म्हणजे पुस्तकांची मुद्रितं तपासणं आणि पानं लावून देणं. तो बेडरूमच्या खिडकीपाशी चालतो, पण व्हिजिटिंग कार्डावर ‘संचालक’ असं छापलेलं आहे. संचालन करून घ्यायला दुसरं कोणी नाही, एवढा मजकूर त्या कार्डावर मावला नाही.

उद्यम नोंदणी केली. ती फुकट होते. पैसे पडले ते फ्रेमचे. प्रमाणपत्रावर ‘सूक्ष्म’ हा शब्द वाचून लेखक दोन घास कमी जेवला. मग कळलं, १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेला उद्योगही सूक्ष्मच धरतात. कोट्यधीश आणि आपण सरकारदरबारी एका पंगतीत, हे तेव्हापासून तो पाहुण्यांना कोणी न विचारताच सांगतो.

प्रश्न उरला कामाच्या शिस्तीचा. फ्रांचेस्को चिरिलो या इटालियन गृहस्थांनी विद्यार्थिदशेत, १९८०च्या दशकाच्या अखेरीस, स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून अभ्यास केला : २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुटी. लेखकाने तसाच टोमॅटो मागवला. सुट्या उत्तम पार पडतात. कामाच्या मिनिटांत मात्र दाराची बेल वाजते आणि कुरिअरवाला चौथ्या मजल्याचं पार्सल पुढे करतो. “काका, तुम्ही घरीच असता ना?”

घरी असतो बाबा, रिकामा नसतो! हे वाक्य लेखकाने आरशासमोर पुष्कळदा म्हटलं आहे. दारात तो सही करून पार्सल घेतो.

अशा वेळी त्याला लिज्जत पापड आठवतो, आणि एकदा आठवला की समोरची मुद्रितं तशीच राहतात. १५ मार्च १९५९. गिरगावातल्या एका चाळवजा इमारतीची गच्ची, सात बायका, उसने घेतलेले ८० रुपये आणि दिवसअखेर पापडाची चार पाकिटं. जसवंतीबेन पोपट त्या सातांतल्या एक. त्यांना पुढे २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पहिल्याच वर्षी पावसाळा आला आणि वाळवणाविना काम चार महिने बंद पडलं. पुढच्या पावसाळ्याआधी बायकांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाटेखाली पेटता स्टोव्ह, बाहेर मुंबईचा पाऊस. वाय-फाय गेलं की ‘आज कामच होणार नाही’ म्हणून आडवं होणाऱ्या संचालकाने ही खाट डोळ्यांसमोर आणून पाहावी. पद्धत तर आणखी साधी : मळलेलं पीठ शाखेतून घरी न्यायचं, लाटायचं, वाळवायचं, दुसऱ्या दिवशी पापड वजन करून द्यायचे आणि मजुरी घ्यायची. आज ४०,००० हून अधिक बायका त्यात आहेत. टोमॅटो कोणाकडेही नाही.

आणि ‘घरीच असता ना’ हे त्यांच्या तर पाचवीलाच पुजलेलं असणार. लेखकाला ते पार्सलपुरतं ऐकावं लागतं, तरी त्याचं डोकं फिरतं. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यातला रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटं भरला, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७. लेखकाच्या हिशेबाने बायकांचे जवळजवळ बारा टोमॅटो, पुरुषांचे चारही नाहीत. उद्योग करायचा तो त्यानंतर. तो केला तरी लोक त्याला ‘फावल्या वेळात काहीतरी करते’ म्हणतात. फावला वेळ? कुठला?

लेखकाची बायको पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेते. होळीच्या आठवड्यात तिची धांदल पाहून त्याने औदार्याने एक वेळापत्रक आखून दिलं. रंगीत रकाने, अग्रक्रमांची खूण, खाली स्वतःच्या नावाचा शिक्का. त्यात तिचं पहाटे पाचपासूनचं डाळ शिजवणं आलं होतं, हिशेब आला होता, ‘दीर्घ श्वसन’सुद्धा आलं होतं. तिने ते शांतपणे वाचलं, पेन घेतलं आणि सात ते आठच्या रकान्यात ‘पुरणयंत्र’ लिहून पुढे लेखकाचं नाव घातलं.

“आज मुद्रितं द्यायची आहेत गं.”

“मग द्या ना. तुम्ही घरीच तर असता.”

सात ते आठच्या दरम्यान प्रकाशकाचा फोन आला, तर लेखक आता ‘प्रॉडक्शनमध्ये आहे’ असं सांगून ठेवून देतो.