क्राकूवला सुजलेला ओठ

तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या माणसानं मधाच्या दारूच्या नादी लागू नये, असं आमच्या सौभाग्यवतींचं मत. ते तिनं विमानात मांडलं, वावेल किल्ल्यावर मांडलं आणि क्राकूवच्या चौकात, ऐन ऑगस्टात, छत्रीखाली बसून मी मेन्यूकार्ड उघडलं तेव्हा पुन्हा मांडलं. वावेल चांगला आहे. पन्हाळा मोठा आहे.

कार्डावर चार जाती होत्या आणि सगळा हिशेब पाण्याचा. पुव्तोराकमध्ये एक भाग मधाला अर्धा भाग पाणी, द्वुयन्याकमध्ये एकास एक, त्रुयन्याकमध्ये एकास दोन, च्वुर्न्याकमध्ये एकास तीन. २००८ पासून या पाककृतींना युरोपीय संघाचं संरक्षण आहे, म्हणजे वाटेल तेवढं पाणी ओतून हे नाव लावता येत नाही. आमच्या गवळ्यानं असा तक्ता किटलीवर चिकटवला असता, तर मी त्याला वाकून नमस्कार केला असता. पुव्तोराक पिंपात वर्षानुवर्षं मुरतो, च्वुर्न्याक त्या मानानं लवकर तयार होतो. मी अर्थातच पुव्तोराक मागवला. जास्त पाण्याचं काही मागवलं असं कळलं, तर कोल्हापुरात तोंड दाखवायला जागा उरत नाही. बायकोनं च्वुर्न्याक घेतला, ‘चवीपुरता’.

चिमुकला पेला आला. तिरपा केला की तो तांबूस रस काचेवरून तेलासारखा रेंगाळत खाली यायचा. वास मधाचा, आणि मागून हळूच लवंगेचा.

आणि ती आली.

मधमाशी आली असती तर मी समजून घेतलं असतं, शेवटी माल तिचा. आली गांधीलमाशी, जिचा या धंद्यात काडीचा वाटा नाही. उन्हाळा सरताना यांच्या पोळ्यातल्या अळ्या कमी होतात, अळ्यांच्या तोंडचा गोड रस मिळेनासा होतो आणि सगळ्या गोडासाठी वखवखून गावभर हिंडतात. हे शास्त्र मला नंतर कळलं. त्या वेळी फक्त प्रात्यक्षिक झालं.

आजूबाजूची पोलिश मंडळी पेल्यावर पुठ्ठ्याची चकती ठेवून निवांत गप्पा मारत होती. मी मेन्यूकार्ड परजलं.

‘अहो, हलू नका.’

‘मी कुठं हलतोय? ती हलतीय.’

मग दुसरी आली, बहुधा पहिलीची साक्षीदार म्हणून. पाठोपाठ तिसरी. बायकोनं आपल्या पेल्यावर शांतपणे चकती ठेवली. मला ते पटेना. तेराव्या शतकात इथल्या लेशेक राजानं पोपला म्हणे कळवलं होतं, की धर्मयुद्धाला आलो असतो, पण तिकडं बिअर आणि मध मिळत नाही. अशा राजाच्या मुलखात पेला झाकून बसायचं? मी तो उचलला. तेवढ्यात मारियात्स्की चर्चच्या मनोऱ्यावरून तासाची तुतारी सुरू झाली. ती सूर मध्येच तोडून थांबते, कारण दंतकथेनुसार तातारांचा बाण वाजवणाऱ्याच्या गळ्यात घुसला होता. तुतारी तुटली आणि मी किंचाळलो. खालचा ओठ.

दोन मिनिटांत ओठाचं वांगं झालं. आतून एक आजीबाई धावत आल्या, हातात अर्धा चिरलेला कांदा. विचारपूस वगैरे काही नाही, सरळ माझ्या ओठावर दाबून धरला.

‘कांदाच लावायचा होता तर एवढं लांब कशाला यायचं?’ बायको म्हणाली.

मी आजीबाईंना म्हणालो, ‘जेन दोब्रे.’ म्हणजे नमस्कार. आभाराचा शब्द मला येत नव्हता. हा एक शब्द आमच्या आजोबांचा. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका-मुलं. सोव्हिएत राजवटीनं सैबेरियात हाकललेली, इराणमार्गे सुटून आलेली. आजोबा त्या कॅम्पात भाजी टाकायचे. पुढं मरेपर्यंत ते पोस्टमनला, गवळ्याला आणि म्हशीला ‘जेन दोब्रे’ म्हणत राहिले.

पोलिश लोककथा संपवताना सांगणारा म्हणतो, की त्या मेजवानीला मीसुद्धा होतो, मध आणि वाइन प्यालो. वळिवड्याच्या पत्र्याखाली एखादी आई पोरांना झोपवताना हाच शेवट सांगत असेल. त्यांतल्या कित्येकांचं गाव तर युद्धानंतर पोलंडात राहिलंच नाही. मग मेजवानी नेमकी कुठली सांगायची?

आजीबाईंनी कांदा बदलला. या खेपेला जरा जास्तच जोरात दाबला.

बिलात कांदा नव्हता, पुव्तोराक होता. पेला मात्र रिकामा. ‘तुमच्या ओठाला झोंबला असता,’ बायकोनं खुलासा केला. तिचाही पेला रिकामाच होता. तिनं कार्ड पुन्हा माझ्या हातून घेतलं, बोट खाली-वर फिरवलं आणि म्हणाली, ‘मधले दोन राहिलेत की, अहो.’