कारण नसताना

मराठी माणूस विनोदाला सहजासहजी हसत नाही. फार तर ‘बरा होता’ म्हणतो. अशा माणसाला सकाळी साडेसहाला, चहासुद्धा पोटात गेलेला नसताना, काही कारण नसताना खदाखदा हसायला लावणं म्हणजे भगीरथाचं काम. ते गावोगावच्या बागांत रोज चालतं. त्याला हास्यक्लब म्हणतात.

या प्रकाराचे जनक डॉ. मदन कटारिया. 13 मार्च 1995 रोजी मुंबईतल्या लोखंडवाला भागात, एका बागेत, अवघी पाच माणसं घेऊन त्यांनी पहिला क्लब सुरू केला. आधी मंडळी एकमेकांना विनोद सांगून हसायची. पंधरवड्यात साठा संपला आणि उरलेले विनोद चारचौघांत सांगण्याजोगे नव्हते. बायामाणसांनी नाकं मुरडल्यावर डॉक्टरांनी विनोदच काढून टाकले आणि नुसतं हसू ठेवलं. खोटं हसलं तरी शरीराला फरक कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. आता कितीतरी देशांत मे महिन्याच्या पहिल्या रविवारी जागतिक हास्यदिन साजरा होतो. मी विनोद लिहितो आणि कोणी हसत नाही. त्यामुळे विनोदावाचून हसवण्याचं हे तंत्र शिकायला मी आमच्या बागेत नाव घातलं. ‘सकाळी सकाळी पेपरवरून कटकट तरी नाही,’ असं म्हणून घरूनही लगेच मंजुरी मिळाली.

आधी टाळ्या वाजवत ‘हो हो, हा हा हा’. मग एकेक प्रकार. ‘ताक हास्या’त दोन्ही हातांत नसलेले पेले धरायचे, या पेल्यातलं त्यात ओतायचं, पुन्हा त्यातलं यात, आणि मान मागे टाकून गटागटा हसायचं. आमच्यातले एक निवृत्त ऑडिटर ओतताना पेल्याच्या काठाकडे डोळे बारीक करून बघतात. नसलेलं ताकही सांडता कामा नये! ओठ मिटून करायच्या ‘मौन हास्या’त कवळीवाले सगळ्यांच्या पुढे. पण खरी रंगत ‘भांडण हास्या’त. समोरच्याला बोट दाखवत, डोळे वटारत हसायचं. एकाच सोसायटीतले दोघे, ज्यांचा पार्किंगवरून अबोला आहे, ते यासाठी बरोब्बर एकमेकांसमोर उभे राहतात. वर्षभराची मळमळ तिथे हसत हसत बाहेर पडते. अबोला अजून सुटलेला नाही, पण एक आला नाही तर दुसरा कासावीस होतो.

इथे कोणाला कोणाचं नाव माहीत नसतं. ‘गुडघेवाल्या काकू’, ‘बायपास’, ‘मुलगा कॅनडात’ अशी ओळख पुरते. शुगर मात्र सगळ्यांची सगळ्यांना पाठ.

गेल्या पावसाळ्यात तापाने मी अंथरूण धरलं. दोन दिवस बागेत फिरकलो नाही, तर तिसऱ्या दिवशी सकाळी अर्धा क्लब दारात! गुडघेवाल्या काकू जिना चढून आल्या होत्या. हातात गवती चहाच्या काढ्याचा थर्मास आणि तोंडात, “अहो, निरोप तरी धाडायचा! जीव टांगणीला लावता नुसता!” गलका ऐकून समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं. ज्यांच्याबरोबर कैक वर्षं त्याच जिन्याने वरखाली करतोय त्या गृहस्थांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, “नवीन राहायला आलात का?”

हसण्याने रक्तदाब किती उतरतो ते डॉक्टरांनी सांगावं. मला त्या दिवशी एवढं कळलं, की आपण दिसलो नाही तर चुकल्यासारखं वाटणारं कोणीतरी गावात असावं लागतं. ‘मला एकटं वाटतं’ हे आपल्याकडे कोणी तोंडाने म्हणणार नाही. ‘फुप्फुसांचा व्यायाम होतो’ असं बेलाशक सांगेल. भिशी, भजनी मंडळ, गणपतीची वर्गणी ही सगळी अशीच निमित्तं. भिशीत पैसे फिरतात, भजनात टाळ वाजतात, पण जमायचं असतं ते माणसांसाठीच.

तेव्हा सकाळी एखाद्या बागेत शहाणीसुरती माणसं वेड्यासारखी हसताना दिसली, तर बाहेरून हसू नका. आत या आणि हसा. विनोदबुद्धीची अट नाही. मात्र एकदा नाव घातलंत की दांडी मारता येत नाही, लोक घरी येतात.