भावाची चव

पुण्यात वाईन पिणाऱ्यांचे दोन वर्ग आहेत. एक वास घेऊन पितो, दुसरा भाव विचारून पितो. आमचे अण्णा तिसऱ्या वर्गातले. भाव कळल्याशिवाय त्यांना वासच येत नाही.

अण्णा राहतात स्वारगेट एसटी स्टँडच्या मागच्या अंगाला, एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. खाली ‘सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर’ असा पुकारा चाललेला असतो आणि वर सत्तरी ओलांडलेले अण्णा पांढरा लेंगा, बंडी, कपाळावर गंध अशा थाटात ग्लास ट्यूबलाइटसमोर तिरका धरून बसलेले असतात. ग्लास फिरवतात, नाक आत घालतात, डोळे मिटतात. आता काहीतरी निघेल, जांभूळ, करवंद, निदान तंबाखू, म्हणून आपण वाट पाहतो. अण्णा डोळे न उघडता विचारतात, “केवढ्याला पडली?” आकडा चार अंकी असला की चेहरा उजळतो. “तरीच!” पाच अंकी असला तर बोलतच नाहीत, नुसता हात वर करतात. तीन अंकी असला तर ग्लास खाली ठेवून, “पोरं पितील,” एवढंच.

हा माणूस मुळात रसिक नव्हे, व्यापारी. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात त्यांचा द्राक्षांचा गाळा होता. आता मुलगा पाहतो. जानेवारी लागला की सांगली, सोलापूर, बारामती, इंदापूरकडचा माल पहाटे उतरायचा. सोनाका, माणिक चमन, थॉमसन, शरद. अण्णा क्रेटवर नुसता हात ठेवून सांगत, वर देखावा आहे, तळाला गळका माल आहे. त्यांच्या वडिलांनी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवले. अण्णांनी उघडा लिलाव पुकारला, पण घराण्याची सवय सुटली नाही. भाजीवाल्याशी बोलताना अजूनही त्यांची बोटं खिशात आपोआप हलतात. दोन रुपयांवरून कोथिंबिरीची जुडी परत ठेवणारा हा गृहस्थ वाईनच्या दुकानात मात्र उलटी घासाघीस करतो. “याच्याहून महाग काही नाही का?”

हे वळण लागलं कॅलिफोर्नियात. लेक आणि जावई तिकडे असतात. जावयाने एकदा नापा खोऱ्यात नेलं आणि अण्णांनी वेलीवरचा कॅबरने सोव्हिन्यॉचा घड पहिल्यांदा हातात घेतला. मणी वाटाण्याएवढा, साल जाड, आत बिया. आपल्याकडे थॉमसनचा मणी फुगावा म्हणून शेतकरी घड विरळतो, जिबरेलिकमध्ये बुडवतो. इथे मणी लहान म्हणून कौतुक! “हा माल गाळ्यावर आला असता तर शेतकऱ्याला चहा पाजून परत पाठवला असता,” अण्णा म्हणाले. जावयाने समजावलं की मणी लहान म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त, आणि रंग, तुरटपणा, टिकाऊपणा बराचसा सालीत. अण्णांना पटलं नाही. मग जावयाने टनाचा भाव सांगितला, साधारण 8 ते 9 हजार डॉलर. किलोला सातशे रुपये, आणि तोही बियांचा माल! अण्णा बांधावर खाली बसले. उठले ते कॅबरनेचे भक्त होऊन.

पण भक्तीतही हिशेब सुटेना. परतीच्या विमानात त्यांनी पट्टी काढली. टनाच्या बाटल्या होतात सातशेच्या आसपास, म्हणजे बाटलीमागे द्राक्ष 12 डॉलर. फ्रेंच ओकचं नवं पिंप हजारभर डॉलरचं, त्यात मावतात 225 लिटर म्हणजे 300 बाटल्या, बाटलीमागे साडेतीन. काच, बूच, चिठ्ठी, मजुरी धरा दहा. झाले साडेपंचवीस. विक्री 100 डॉलरला. मग उरलेले साडेचौऱ्याहत्तर कसले? जावई पुढे फोनवर म्हणाला, “नावाचे.” अण्णांनी पट्टी घडी करून खिशात ठेवली. “आम्ही शेकड्याला चार पैसे जास्त आडत लावली तर शेतकरी मोर्चा आणायचे!” त्यात वैताग नव्हता. आयुष्यभर चुकीच्या बाजारात बसलो, ही हळहळ होती.

नापातला एक ठोकताळा मात्र त्यांना फार आवडला. टनाचा जो भाव असेल त्याचा शंभरावा हिस्सा बाटलीचा भाव; 10 हजारांचा टन, तर बाटली 100 ची. अण्णांनी तो लगेच मार्केट यार्डाला लावला. किलो 50 रुपये, टन 50 हजार, बाटली पाचशे. “बघा, गणित बसतं!” हा पाचशेचा आकडा ध्यानात ठेवा. पुढे घरात तो फार कामाला येणार आहे.

इतिहासही त्यांना आपल्याच बाजूचा सापडला. 1855 साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्डोच्या वाइनींची प्रतवारी झाली, ती तिथल्या दलालांनी केली आणि बाजारातल्या भावावरून केली. पुढे त्यात ठळक बदल म्हणावा असा एकच: 1973 साली मूतों रॉथशील्ड दुसऱ्या वर्गातून पहिल्यात गेली. “दलालांनी!” अण्णा टेबलावर बोट आपटतात. “शास्त्रज्ञ नाहीत, कवी नाहीत. आडत्यांनी. आणि पावणेदोनशे वर्षं झाली तरी कोणी फेरलिलाव मागितला नाही.”

बोर्डोत नदीच्या डाव्या तीराला कॅबरनेचा मान, उजव्या तीराला मेर्लोचा. अण्णांनी पुण्यापुरती याची सोय लावली आहे. त्यांची विभागणी एसटी स्टँडांवरून चालते. अकलूजची फ्रातेल्ली ही स्वारगेटची वाईन, कारण अकलूजची गाडी स्वारगेटला लागते. नाशिकची सुला ही शिवाजीनगरची. त्यात शिवाजीनगर स्टँड वाकडेवाडीला हलल्यापासून तिकडच्या मालाला धक्के जास्त बसतात, असं त्यांचं ठाम मत आहे. मोहिते-पाटलांच्या भागीदारीतल्या त्या अकलूजच्या वायनरीत ‘सेत्ते’ म्हणून सांजोवेझे आणि कॅबरने यांचा मिलाफ होतो. अण्णा तिला मोठ्या मायेने ‘आपल्या फलाटावरची’ म्हणतात. एका खवट मित्राने नकाशा दाखवला की मुठेचा प्रवाह पाहता शिवाजीनगर डाव्या तीराला येतं आणि स्वारगेट उजव्या; म्हणजे फ्रेंच न्यायाने कॅबरनेचा मान तिकडे. अण्णा म्हणाले, “मग नदी खालून वर मोजा.”

फलाटाची माया खरी, पण मान इंपोर्टेड मालाला. त्यावर कित्येक वर्षं दीडशे टक्के आयातशुल्क. शंभराची बाटली बंदरातच अडीचशेची. वर राज्याचा कर, आयातदार, दुकानदार. दुसरा कोणी सरकारच्या नावाने बोटं मोडेल. अण्णा गदगदतात. “शंभराच्या मालाला दीडशे हमाली! असा मान सोनाकाला कधी मिळाला?” विमानातून मात्र माणशी दोन लिटर आणता येतात, म्हणजे बाटल्या दोन. लेक-जावई येणार म्हटलं की अण्णा माणसं मोजत नाहीत, लिटर मोजतात. नातू अजून सज्ञान नाही, याचं आजोबांना वाटतं तेवढं दुःख कोणाला वाटत नसेल.

बाटल्या आडव्या, अंधारात, गार आणि हादरे न बसणाऱ्या जागी ठेवाव्यात, असं शास्त्र आहे. स्वारगेटला अशी जागा नाही. जेधे चौकात वर उड्डाणपूल, 2024 पासून खाली भुयारी मेट्रो, मध्ये एसटी. शेवटी वहिनींच्या, म्हणजे अण्णांच्या पत्नीच्या, गोदरेज कपाटाचा तळचा कप्पा मिळाला, पैठण्यांच्या खाली. त्यामुळे अण्णांच्या संग्रहातल्या प्रत्येक वाइनीला शेवटी डांबरगोळीचा किंचित वास येतो. अण्णा त्याला ‘जमिनीचा गुण’ म्हणतात. खरा वास त्यांना एकच ओळखता येतो. कॅबरनेची द्राक्षं नीट पिकली नाहीत तर पायराझिन नावाच्या द्रव्यामुळे वाइनीला ढोबळी मिरचीचा वास मारतो. यार्डात हयात गेल्यामुळे तो अण्णांना लांबूनही कळतो. अशी बाटली निघाली की ते जाहीर करतात, “भाजी विभाग!”

मद्यसेवनाचा आजीवन परवाना त्यांनी लॅमिनेट करून घेतला आहे. तो अर्थात सरकारसाठी. घरातला परवाना वेगळा आणि तो रोजच्या रोज काढावा लागतो. 27 जानेवारी 2022 ला मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाईन विकायला मान्यता दिली तेव्हा अण्णा पेपर नाचवत स्वयंपाकघरात गेले. “वाईन म्हणजे दारू नव्हे, सरकारच म्हणतंय!” वहिनी पोळी उलटत म्हणाल्या, “मग देवघरासमोर बसून प्या की.” पुढे विरोध झाला आणि तो निर्णय बारगळला, वहिनींचा शेरा अजून कायम आहे.

पॅरिसची गोष्ट अण्णा प्रत्येक नव्या पाहुण्याला सांगतात. 24 मे 1976. नऊ फ्रेंच पंच, कॅलिफोर्नियाची आणि बोर्डोची वाईन शेजारी शेजारी, चिठ्ठ्या झाकलेल्या. तांबड्या वाइनीत पहिली आली स्टॅग्ज लीपची 1973 ची कॅबरने. 1970 ची मूतों मागे पडली. ऐकणारे म्हणतात, म्हणजे भावात काही अर्थ नाही. अण्णा हात उडवतात. “अहो, रुमाल चुकीच्या जागी टाकला. आमच्या बाजारात रुमालाखाली भाव असायचा, माल उघडा. यांनी मालच झाकला. चिठ्ठी झाकलीत, भाव झाकलात, मग पंचांनी चव घ्यायची कशाची?”

इमारतीतल्या एका इंजिनिअर पोराने त्यांची जिरवायची म्हणून 2008 सालचा एक प्रयोग शोधून आणला. कॅलटेक आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी माणसांना मेंदूचं चित्र घेणाऱ्या यंत्रात झोपवून नळीने कॅबरने पाजली. वाइनी सांगितल्या पाच, होत्या तीन. 90 डॉलरची एकदा 90 ची म्हणून दिली, एकदा 10 ची म्हणून. 5 ची एकदा 5 ची म्हणून, एकदा 45 ची म्हणून. आकडा चढला तशी चव चढली आणि मेंदूतला सुखाचा भागही जास्त पेटला. भाव न सांगता पाजली तेव्हा फरक गेला.

पोराला वाटलं, अण्णा पडले. अण्णांचा चेहरा उलट खुलला. “यात चूक काय? नव्वद मोजले तर नव्वदची चव लागलीच पाहिजे, नाहीतर पैसे परत मागीन.” मग आडत्याचं डोकं चालू झालं. दहाची बाटली आणायची आणि कोणीतरी विश्वासाने सांगायचं, नव्वदची आहे. ऐंशी डॉलर सुटले! हे कोणीतरी म्हणजे अर्थात वहिनी.

अडचण तिथेच आली. त्या घरात भावाबद्दल खरं कोणीच बोलत नाही, पण दोघंही उतरवून बोलतात. लक्ष्मी रोडवरून आणलेली साडी कायम सेलमधली असते आणि कपाटातली बाटली कायम पाचशेची. जावयाला खर्चात पाडलं हे वहिनींना कळलं तर खैर नाही, म्हणून नापाची शंभर डॉलरची बाटलीही पाचशेचीच. परिणाम शास्त्राप्रमाणेच झाला. वहिनींनी सणासुदीला घोटभर घेतली की म्हणायच्या, “आंबटच आहे. पाचशेच्या मानाने बरी.” अण्णा तिळतिळ तुटायचे. भाव सांगता येत नाही आणि न सांगता चव लागत नाही.

गेल्या दिवाळीनंतरच्या रविवारी जावई होता, आम्हीही होतो. मटणाचा बेत. पहिला रस्सा झाल्यावर अण्णा अर्धी उरलेली बाटली शोधू लागले. वहिनी म्हणाल्या, “ती आंबलेली? रश्शात घातली. वाया कशाला घालवायची?” जावयाच्या घशात भाकरी अडकली. अण्णांची बोटं लेंग्याच्या खिशात थरथरली आणि संसारात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून खरा भाव बाहेर पडला. “अगं, साडेआठ हजारांची होती ती!”

आम्ही ताटात पाहू लागलो. वहिनींनी वाटी उचलली, एक भुरका मारला, दुसरा मारला. “तरीच म्हटलं, आज रस्सा काही वेगळाच उतरलाय. जावईबापू, लाजू नका, घ्या अजून.” आणि स्वतःलाही पळीभर वाढून घेतला. अण्णांनी विजयाने आमच्याकडे पाहिलं. कॅलटेकला कळवा, असा तो चेहरा होता.

विजय अर्ध्या तासाचा ठरला. जेवण आवरल्यावर वहिनींनी कपाट उघडून बाटल्या मोजल्या, जावयाकडून एकेकीचा खरा भाव वदवून घेतला आणि किल्ली कनवटीला लावली. तेव्हापासून बाटली वहिनी काढतात, ओतून आणतात वहिनी आणि आकडाही सांगतात वहिनी. परवा अण्णांनी ग्लासात नाक घालून विचारलं, “केवढ्याची?” आतून उत्तर आलं, “बारा हजार.” अण्णांचा हात वर गेला. डोळे मिटून ते कितीतरी वेळ नापाच्या मातीबद्दल बोलत राहिले.

आम्ही पाणी प्यायला आत गेलो तर ओट्यावर ‘आपल्या फलाटावरची’ अकलूजची बाटली उभी होती. वहिनींनी तिच्यावर रुमाल टाकला आणि हळूच म्हणाल्या, “त्यांना सांगू नका हं. चव जाईल.”