एक्केचाळीस कुसळं

उत्तर ध्रुवापासून तेराशे किलोमीटरवर, बोटीच्या लाउंजमध्ये, शंभरेक प्रवाशांच्या देखत, एक सोनेरी वेणीची मुलगी माझ्या सॅकच्या पाठीतून चिमट्याने कुसळं उपटत होती आणि मोठ्याने मोजत होती. सतरा. अठरा. एकोणीस. माझ्यामागे रांग खोळंबली होती. रांगेत आपल्या नव्याकोऱ्या सामानासह माझा नवरा उभा होता आणि ही बाई आपल्या ओळखीची नाही असा चेहरा करून खिडकीतून हिमनदी बघत होता. खिडकीत हिमनदी नव्हती. धुकं होतं.

"मेलमध्ये लिहिलं होतं," तो रात्री म्हणाला.

लिहिलं असणारच. आमच्या घरात कामाची वाटणी स्पष्ट आहे. सूचना तो वाचतो, परिणाम मी भोगते. फ्रीजमधल्या प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून तारीख घालणारा माणूस आहे तो. 'आमटी, 12 जुलै' अशी पट्टी बघितली की आमटी खाण्याऐवजी तिचा वाढदिवस करावासा वाटतो. या माणसाने स्वेच्छानिवृत्ती घेतली, आणि ज्या पैशात कोथरूडला निदान मोटार लावण्याची जागा आली असती त्या पैशात स्वालबार्डच्या बोटीची दोन तिकिटं काढली.

क्रूझ म्हटल्यावर माझ्या भिशीतल्या बायकांना पोहण्याचा तलाव आणि रात्री गाणीबजावणी दिसू लागली. मलाही तेच दिसलं होतं, मी एक लाल साडी घेतलीसुद्धा होती. ही मात्र 'एक्सपिडिशन क्रूझ' निघाली. म्हणजे पहिल्या संध्याकाळी शेवाळावर व्याख्यान, आणि त्यानंतर गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. माझ्या मापाचे बूट संपले होते. मला मिळालेल्या जोडीत आणखी एक छोटी बाई सहज राहिली असती.

स्वालबार्ड नॉर्वेचं आहे, पण नॉर्वेपासून बरंच वर आहे. 1596 साली विलेम बारेन्ट्स हा डच दर्यावर्दी चीनची वाट शोधत निघाला आणि इथे येऊन धडकला. टोकदार डोंगर बघून त्याने 'स्पिट्सबर्गेन' असं नाव ठेवलं. पुढे व्हेल मारणारे आले, मग कोळसा खणणारे आले, आणि आता आम्ही. मुख्य गाव लॉन्गियरब्येन. तिथे हॉटेलात शिरताना दारातच बूट काढावे लागतात. कोळशाने माखलेल्या खाणकामगारांपासूनची पद्धत, ती अजून पाळतात. युरोपात आपल्यासारखी शहाणी माणसं बघून मला इतकं भरून आलं की मी स्वागतकक्षातल्या पोरीला "बरोबर आहे तुमचं" असं मराठीत सांगितलं. मांजर पाळायला या बेटांवर बंदी आहे, पक्ष्यांसाठी. इतकं काटेकोर गाव. तिथेच मी ओळखायला हवं होतं की पुढे काय वाढून ठेवलंय.

तर तपासणी. पहिल्यांदा किनाऱ्यावर उतरण्याआधी प्रत्येक प्रवाशाने बाहेर वापरायचं सगळं लाउंजमध्ये आणायचं. जाकीट, टोप्या, सॅक, काठ्या. तिथे व्हॅक्यूम क्लीनर घेऊन मंडळी बसलेली. खिसे उलटे करायचे, वेलक्रोमधले धागे काढायचे, बूट जंतुनाशकात बुडवायचे. का, तर या बेटांवर जेमतेम 180 जातींची मूळची झाडं आहेत, आणि 'झाड' म्हणतानाही जीभ चाचरते, कारण इथला विलो बोटभर उंच असतो. त्यांच्यात बाहेरचं बी नको. बारेन्ट्सबर्ग या रशियन खाणगावात पूर्वी गुरं पाळली होती, तिथे परदेशी तणं आजही वाढताना दिसतात. शास्त्रज्ञांनी एकदा लॉन्गियरब्येनला आलेल्या प्रवाशांचे बूट तपासले, तर माणशी सरासरी चारच्या आसपास बिया निघाल्या.

चार. वेणीवालीने हा आकडा मला सांगितला तेव्हा ती तेविसाव्या कुसळावर होती.

दोष सॅकचा. नवऱ्याने दोघांसाठी सारख्याच केशरी, पाणी न शिरणाऱ्या पिशव्या घेतल्या होत्या. मी हट्टाने बाबांची जुनी निळी सॅक घेतली. "पाठीला सवय आहे," असं त्याला सांगितलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि काही बोलला नाही. मी उभ्या आयुष्यात पाठीवर काही वाहिलेलं नाही हे त्याला माहीत आहे.

"हे काय आहे?" वेणीवालीने विचारलं.

आता कुसळाला इंग्रजीत काय म्हणतात? मी अभिनयाचा आधार घेतला. गवत दाखवलं, पायजमा दाखवला, पायजम्यातून शिरणारं कुसळ दाखवलं आणि ते मांडीला टोचल्यावर माणूस करतो तो आवाज काढला. रांगेतल्या एका जर्मन आजोबांनी टाळ्या वाजवल्या. मग मला चेव चढला. मी तिला सांगितलं की ही सामान्य वस्तू नव्हे. एका टोकाला सुई, दुसऱ्या टोकाला लांब पिळदार शेपटी. शेपटी ओली झाली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि असं गरगर फिरत ते बी स्वतःच्या स्वतः जमिनीत भोक पाडून आत शिरतं. कोणी पेरायला नको की काही नको.

मुलीचा चेहरा पांढरा पडला. मुळात पांढराच होता, तो आणखी पडला.

"स्वतःहून जमिनीत शिरतं?"

"हो!" मी अभिमानाने म्हणाले. नवऱ्याने खिडकीवर कपाळ टेकलं.

तिने दुसरी मुलगी बोलावली, दुसरीने टीमचा म्होरक्या बोलावला. दाढीवाला, अस्वलासाठी खांद्यावर बंदूक घेऊन हिंडणारा माणूस, तो भिंग घेऊन माझ्या सॅकसमोर गुडघे टेकून बसला. माझं कुसळ इथे रुजणार कसलं! जुलैतसुद्धा सहा-सात अंश, आणि हातभर खाली बारमाही गोठलेली जमीन. पण नियम म्हणजे नियम. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं असं आपण टोमण्याने म्हणतो. या मंडळींना त्याचा पगारच होता.

मग खिसे. पहिल्या खिशातून शेंगांची टरफलं. दुसऱ्यातून बडीशेप, एक वाळका हरभरा आणि आघाड्याच्या बिया. आघाडा कशाला, या प्रश्नाला गणपतीची पत्री हे उत्तर देता देता मी हत्तीच्या सोंडेपर्यंत आले, पण दाढीवाल्याने हात वर केला. तिसऱ्या खिशाच्या शिवणीत बाजरीचा एक दाणा होता. एकच. तो त्यांनी व्हॅक्यूमने ओढला, आणि नळीतून टिक् असा आवाज आला.

इथे मात्र माझं डोकं फिरलं. आदल्याच दिवशी लॉन्गियरब्येनच्या विमानतळाजवळ डोंगरात घुसलेलं ते काँक्रीटचं दार आम्हाला बसमधून दाखवलं होतं. जागतिक बियाणे तिजोरी. 2008 पासून जगभरची वाणं इथे उणे 18 अंशांत जपून ठेवलीयत, दहा लाखांहून जास्त नमुने. हैदराबादजवळच्या पतंचेरूहून इक्रिसॅटने पाठवलेली ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूगही त्यात आहे. म्हणजे जग बुडालं तरी भाकरी, आमटी आणि दाण्याच्या चटणीची सोय त्या डोंगरात झालेली आहे. मग त्याच बाजरीचा एक दाणा माझ्या खिशात निघाला तर मी गुन्हेगार? हे मी दाढीवाल्याला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "ती बाजरी दाराच्या आत आहे."

याला उत्तर नव्हतं. मी फॉर्मवर सही केली. एकूण कुसळं एक्केचाळीस.

त्यानंतर मी बोटीवर प्रसिद्ध झाले. नाश्त्याला अनोळखी लोक मला बघून आपापल्या बाह्या झटकत. कॅनडाची एक बाई माझ्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाली, "माझीही तीन निघाली होती." जणू आम्ही एकाच व्यसनातून सुटत होतो. आणि रोज सकाळी रबरी होडीत उतरायच्या रांगेत सगळ्यांचे बूट बुडवून सोडून देत, मला मात्र वेणीवाली बाजूला घेई. "सॅक?"

प्रेक्षणीय स्थळांबद्दलही लिहायला हवं, नाहीतर नवरा विचारेल की पैसे कशाचे दिले. मोनॅको हिमनदी निळी आहे आणि तुटताना तोफेसारखी वाजते. आल्केफियेलेट नावाच्या कड्यावर गिलेमॉट पक्ष्यांच्या साठ हजार जोड्या राहतात आणि वास त्यांच्या कितीतरी आधी भेटीला येतो. मॉफेन बेटाजवळ 80 अक्षांश ओलांडला तेव्हा सगळ्यांना शॅम्पेन दिली. बेटावरचे वॉलरस लग्नाच्या पंगतीनंतर सतरंजीवर आडव्या झालेल्या काकांसारखे दिसत होते. न्यू-ऑलेसुंडला भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र आहे, तेही 2008 चं. तिथली उपकरणं नाजूक म्हणून फोनचं वाय-फाय, ब्लूटूथ सगळं बंद करायला लावतात. 1926 मध्ये आमुंडसेनचं हवाई जहाज ज्या मनोऱ्याला बांधून ठेवलं होतं तो मनोरा अजून उभा आहे. मी त्याच्याकडे मान वर करून बघत असताना एका आर्क्टिक टर्नने माझ्या टाळूवर चोच मारली. दर वर्षी दक्षिण ध्रुवाकडे जाऊन परत येणारा हा पक्षी. एवढ्या लांबून येऊन त्याला माझंच डोकं सापडलं.

अस्वलही दिसलं. म्हणजे बोटीला दिसलं. नव्या नियमाप्रमाणे जुलैत तीनशे मीटरच्या आत जाता येत नाही. सगळे दुर्बिणी लावून उसासे टाकत होते. मी दहा मिनिटं ज्याच्याकडे बघून भारावून गेले होते तो दगड होता. अस्वल डावीकडे होतं.

शेवटून दुसऱ्या रात्री झोप येईना म्हणून डेकवर गेले. रात्र म्हणायचं आपलं. बारा वाजले होते आणि सूर्य उत्तरेला, क्षितिजापासून मूठभर उंचीवर, तसाच आडवा सरकत चालला होता. मावळायचं नावच नाही. समुद्र तेलासारखा गुळगुळीत. मी सॅक मांडीवर घेऊन बसले. ती घेऊन यायचं काहीच कारण नव्हतं.

बाबा दर रविवारी सिंहगड चढायचे. वर टिळकांच्या बंगल्यासमोर थांबायचे आणि दम खाताखाता, म्हणजे दम लागलाय हे आम्हाला कळू नये म्हणून, टिळकांच्या पुस्तकाबद्दल बोलायचे. आर्यांचं मूळ घर आर्क्टिकमध्ये होतं, असं टिळकांनी 1903 मध्ये लिहिलं. ऋग्वेदातली उषा दिवसच्या दिवस रेंगाळणारी आहे आणि अशी पहाट ध्रुवाजवळच होऊ शकते, हा त्यांचा मोठा आधार. विद्वानांनी तो सिद्धांत काही मान्य केला नाही. टिळक स्वतः इथे कधी आले नाहीत. मी पुस्तक वाचलेलं नाही. पण बाबा म्हणायचे, "पुण्याची पहाट ती काय, दूधवाला येऊन गेला की संपली. तिकडे महिनाभर पहाट असते, ठमे! महिनाभर!" आणि पिठलं-भाकरी मागवायचे.

शेवटची दोन वर्षं गुडघे गेले होते. तरी रविवारी पहाटे उठून सॅक भरायचे. पाण्याची बाटली, शेंगा, टोपी. ती मांडीवर घेऊन गॅलरीत बसायचे. दहा वाजता पुन्हा रिकामी करायचे. मी एकदा विचारलं, बाबा, हे कशासाठी? म्हणाले, "सवय मोडायला नको."

"कोणाची आहे ही सॅक?"

वेणीवाली होती. ड्यूटी संपवून कॉफी घेऊन आली होती. मी सांगितलं. गड सांगितला, गुडघे सांगितले, गॅलरी सांगितली. इंग्रजी कुठेकुठे संपलं, पण या वेळी अभिनय करावा लागला नाही. तिने काही म्हटलं नाही. कॉफी अर्धी माझ्या कपात ओतली. मग सवयीने सॅकच्या पाठीवरून एकदा हात फिरवला, आणि थांबली. तिलाही माझ्याइतकंच कळलं होतं की आता तिथे काही उरलेलं नाही.

सकाळी केबिनच्या दाराखालून एक पाकीट सरकवलेलं होतं. चारी बाजूंनी चिकटपट्टी, वर लाल शाईत लिहिलेलं: 'बोटीवर उघडू नये. नॉर्वेत उघडू नये.' उजेडात धरलं तर आत बारीक काड्या दिसत होत्या. खरं तर हे सगळं बोटीच्या भट्टीत जायला हवं होतं. नवऱ्याने पाकीट हातात घेऊन बराच वेळ चिकटपट्टीचं काम बघितलं. "व्यवस्थित मुलगी आहे," तो म्हणाला. त्याच्या तोंडी याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

घरी आल्यावर ते ठेवायचं कुठे हा प्रश्न पडला. कपाटात ठेवलं तर कसर लागेल, देवघरात ठेवलं तर नाटकीपणा होईल. शेवटी फ्रीझरमध्ये टाकलं, मटारच्या पिशवीखाली. नवऱ्याला सांगितलं नाही.

परवा मटार काढायला गेले तर पाकिटावर त्याच्या अक्षरातली पट्टी होती. 'सिंहगड.' पुढे तारखेची जागा त्याने कोरी सोडली होती.