मंदगतीचा बंदोबस्त

यंत्रास धावावयास लावणे ही मानवी बुद्धीची फार मोठी कामगिरी होय, असे शाळेपासून आपल्या मनावर बिंबविण्यात येते. परंतु जे यंत्र मुळात धावण्यासाठीच जन्मास आले आहे, त्यास बंद पडू न देता, धुराचे लोट काढू न देता आणि स्वाराचे टाळके फिरू न देता माणसाच्या चालीने चालावयास लावणे हे काम किती बिकट आहे, याची कल्पना टू-स्ट्रोक मोटारसायकल घेऊन दगडधोंड्यांच्या पाऊलवाटेवर जो शिरला असेल, त्यालाच येऊ शकेल.

माझे वास्तव्य बेंगळुरूच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यावरील बोम्मसंद्रा येथे आहे. सरकारी दप्तरात हे गाव आनेकल तालुक्यात मोडते. परंतु गाव म्हणावे असे त्यात आता थोडेच उरले आहे. एका अंगास औषधांचे कारखाने, दुसऱ्या अंगास देशोदेशींचे रुग्ण आपल्या हृदयाचे ठोके सुरळीत करून घेण्यासाठी जेथे येतात ते नारायण हृदयालय, आणि या दोहोंच्या फटीफटींतून लेथ आणि ड्रिल यांचा अखंड घोष करणाऱ्या लहानमोठ्या शेडा, असा येथील संसार आहे. ऑगस्ट २०२५ पासून मेट्रोची पिवळी मार्गिका येथे येऊन संपते. मात्र टू-स्ट्रोकच्या भाविकास हा प्रांत केवळ पुण्यक्षेत्र वाटावा. अत्तिबेलेचा नाका ओलांडला की होसूर लागते, जेथे १९८० साली टीव्हीएस ५० ही मोपेड अवतरली. आणि दुसऱ्या दिशेस म्हैसूर आहे, जेथे १९६१ पासून आधी जावा आणि मग येझदी या दोन भगिनींनी १९९६ साली कारखान्यास कुलूप लागेपर्यंत दक्षिण हिंदुस्थानास निळसर धुराची आणि घुमणाऱ्या आवाजाची गोडी लावली.

माझ्या वाट्यास मात्र यामाहा आरएक्स १०० आली. १९८५ ते १९९६ या काळात निघालेल्या या गाडीचे नाव उच्चारताच चाळिशी उलटलेल्या गृहस्थांचे डोळे अजूनही पाणावतात. माझी गाडी धाकट्या काकांची. त्यांनी ती रत्नागिरीस हयातभर वापरली आणि गुडघ्यांनी किक मारण्याचे नाकारल्यावर, ना-हरकत दाखल्यासह, माझ्या हवाली केली. तिचे इंजिन अवघे ९८ घनसेंटिमीटरांचे आणि ताकद अकरा घोड्यांची. परंतु हे अकरा घोडे मिनिटास सुमारे साडेसात हजार फेरे झाल्याखेरीज एका जागी जमत नाहीत. फेरे दोन हजारांवर आले की त्यांतील बहुतेक बिनपगारी रजेवर जातात, आणि जे एकदोन हजर असतात तेही आपसांत भांडत असतात. माझ्यासारख्या इसमाची सारी मदार नेमकी या एकदोन घोड्यांवरच असते. कारण रविवारी सकाळी समवयस्कांच्या टोळीबरोबर आनेकलच्या माळरानावर, कोरड्या ओढ्यांच्या पात्रांतून आणि नीलगिरीच्या बुंध्यांमधून वाट काढीत जो प्रवास आम्ही करतो, तो म्हशीच्या वेगाने होतो आणि म्हैस मागून आलीच, तर तिला वाट द्यावी लागते.

टू-स्ट्रोकला मंदगतीचा एवढा तिटकारा का, हे ज्यांस ठाऊक नाही त्यांनी लग्नातील पंगत डोळ्यांसमोर आणावी. फोर-स्ट्रोकमध्ये पंगत रीतसर बसते, जेवते, उठते, उष्टी निघतात आणि मगच दुसऱ्या पंगतीस बोलावणे जाते. टू-स्ट्रोकमध्ये एवढी सवड कोणालाच नसते. पहिली पंगत हात धुवावयास उठते न उठते तोच दुसरी आत घुसते. तिच्याच रेट्याने पहिलीस बाहेर काढले जाते. आणि या धांदलीत काही उपाशी मंडळी जेवलेल्यांबरोबर दाराबाहेर फेकली जातात, तर काही जेवलेली मंडळी निर्लज्जपणे पाटावर बसून राहतात. सायलेन्सरचे पोट हे दारात उभे केलेल्या खमक्या मामाचे काम करते: त्यातून उलट फिरलेली दाबाची लाट बाहेर निसटणाऱ्या ताज्या मिश्रणास पुन्हा सिलिंडरात लोटते. पण हा मामा घड्याळाचा बंदा असून इंजिन आपल्या ठरलेल्या वेगात असेल तेव्हाच वेळेवर हात लावतो. संथ चालीत लाट भलत्याच क्षणी परतते, ताज्या मिश्रणात जुना धूर कालवला जातो, प्रत्येक ठिणगी काही पेट घेत नाही, आणि गाडी एकाआड एक ठोका चुकवीत, कुरकुरत, नेमकी दोन धोंड्यांच्या मध्ये देह ठेवते.

या दुखण्यावर उपचार करणारे मिस्त्री जिगणी रस्त्याच्या एका बोळात बसतात. त्यांच्या दुकानी येणारी तरुण गिऱ्हाईके गाडीचा वेग वाढवून मागतात. त्यामुळे मी जेव्हा गाडी हळू चालवून देण्याची विनंती केली, तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे, मग गाडीकडे आणि शेवटी, वैद्य ज्या नजरेने रुग्णाच्या नातेवाइकांकडे पाहतो त्या नजरेने, माझ्या कुटुंबाकडे पाहिले. मग हात पुशीत ते आपल्या दख्खनी बोलीत म्हणाले, "सार, गाडी भगाने कू हात होना, चलाने कू कान होना." या एका वाक्यात संपूर्ण शास्त्र सामावले आहे, हे पुढे कळले.

प्रथम हवेचा प्रश्न निघाला. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचावर असल्याने येथील हवेचा दाब रत्नागिरीच्या मानाने दहा टक्क्यांनी कमी भरतो. म्हणजे कार्ब्युरेटरातील जे जेट कोकणात बेताचे पेट्रोल देत होते, तेच येथे उधळे ठरतात. तरुण मंडळी या संदर्भात मेन जेटच्या क्रमांकावरून हातघाईवर येतात. परंतु हा मेन जेट थ्रॉटल पाऊण पिळल्याशिवाय कामावर रुजूच होत नाही आणि आमचा थ्रॉटल तर पाव पिळण्याची पाळी क्वचितच येते. आमचा सारा कारभार स्लो जेट, एअर स्क्रू आणि स्लाइडचा तिरपा काप या कनिष्ठ अंमलदारांच्या हाती असतो. मिस्त्रींनी स्लो जेट एक क्रमांक धाकटा घातला, सुईची क्लिप एक खाच वर चढवून सुई खाली उतरविली आणि मग इंजिन तापल्यावर, डोळे मिटून, बारीक पेचकसाने एअर स्क्रू पाव पाव फिरवीत त्यांनी जी समाधी लावली, ती पाहून शेजारचा चहावालादेखील किटली खाली ठेवून स्वस्थ उभा राहिला. इंजिनाचा सूर चढत चढत एका ठिकाणी स्थिरावला, त्यापुढे स्क्रू फिरविताच उतरला. मिस्त्रींनी स्क्रू केसभर मागे घेतला आणि डोळे उघडले.

त्यानंतर प्लगाची रुजुवात झाली. संथ चालीत प्लग पुरेसा तापत नाही, आणि त्याच्या नाकाचे तापमान सुमारे ४५० अंशांच्या खाली राहिले की तेलाची काजळी जळून न जाता त्यावर साचते. बाहेर काढलेला माझा प्लग तर दिवाळीनंतरच्या पणतीसारखा काळा आणि ओला होता. तेव्हा अधिक 'गरम' जातीचा प्लग घालणे प्राप्त झाले, आणि येथेच बुद्धिभेदास आरंभ होतो. कारण जपानी एनजीकेच्या पद्धतीत क्रमांक जितका लहान तितका प्लग गरम, तर जर्मन बॉशच्या हल्लीच्या पद्धतीत क्रमांक जितका मोठा तितका गरम. १९५१ साली स्थापन झालेली आपली मायको याच जर्मन घराण्यातली आणि तिचे ठाणे याच शहरात, अडुगोडीस; त्यामुळे प्लग विकत घेणाऱ्यास आधी आपले राष्ट्र कोणते हे ठरवावे लागते. दुसऱ्या महायुद्धात जे दोन देश एका बाजूने लढले, त्यांचे एवढ्या साध्या बाबतीत एकमत होऊ नये, यावरून त्या युद्धाच्या निकालाचा उलगडा होतो.

पुढची तजवीज लेथवाल्याकडे. गाडीच्या मॅग्नेटवर पोलादाचे एक कडे तापवून घट्ट बसविले की फिरणारे वजन वाढते. गाडी उसळून धावावयास नाखूश होते, परंतु एकदा फिरू लागलेले ते वजन चुकलेला ठोका पोटात घालून पुढच्या ठोक्यापर्यंत इंजिनास जिवंत ठेवते. कडे तोलून बसविणे आवश्यक, नाहीतर हॅण्डलासह स्वाराचे दातही थरथरतात. विमानाचे भाग घडविण्याच्या अचूकतेने ते कडे कातून देताना लेथवाल्याने, याने वेग किती वाढेल, अशी सहज पृच्छा केली. वेग घटेल, हे माझे उत्तर ऐकून त्याने मजुरी आगाऊ मागितली. पुढील स्प्रॉकेटचा एक दात कमी केल्याने गाडीचा सर्वोच्च वेग आणखी खाली आला, पहिला गिअर मात्र खरोखर चालण्याजोगा झाला आणि हाफ क्लच धरून धरून माझ्या डाव्या हाताच्या बोटांना आलेली सूज उतरली. सायलेन्सरला आम्ही हात लावला नाही. आतली जाळी काढून मोहल्ला जागविणाऱ्या तरुणांस हे सांगितले पाहिजे की, तिच्याबरोबर पुष्कळदा खालच्या फेऱ्यांतली उचलही बाहेर पडते. आवाज वाढतो, गाडी तेवढी मागे राहते.

या शांततेचे आणखीही एक कारण आहे. बन्नेरघट्टाच्या राष्ट्रीय उद्यानात गाडी घालण्यास अर्थातच मनाई असून ती आम्ही कसोशीने पाळतो. परंतु हत्तींना आमच्या हद्दीत येण्यास मनाई नसल्यामुळे नाचणीच्या हंगामात ते बन्नेरघट्टाहून होसूरच्या शेतांकडे मनास येईल तेव्हा जातात. अशा वेळी ज्या गाडीचा आवाज दबका आहे आणि जी जागच्या जागी वळू शकते, तिचा मालक वंशवृद्धीस उपलब्ध राहतो.

कुटुंबाचा आक्षेप निराळाच आहे. जे अंतर पायी पाऊण तासात काटता येते, त्यासाठी गाडी, पेट्रोल, टूटी ऑइल, दोन जादा प्लग आणि चार प्रौढ गृहस्थ यांची आवश्यकता काय, असा प्रश्न तिने वारंवार उपस्थित केला आहे. त्यावर मी स्कॉटलंडचा दाखला देतो. तेथे १९०९ पासून सहा दिवसांची एक स्पर्धा भरते, जिच्या अवघड टप्प्यांत वेगास नव्हे तर तोलास गुण असतात: जमिनीस पाय टेकला की दंड आणि गाडी बंद पडली की मोठा दंड. १९६१ साली गॉर्डन जॅक्सन या स्वाराने सहाही दिवसांत मिळून एकच दंडगुण घेतला आणि त्या एका पाय टेकण्याचे छायाचित्र आजवर प्रसिद्ध आहे. १९६४ साली ती स्पर्धा फोर-स्ट्रोक एरियलवर जिंकणाऱ्या सॅमी मिलरने पुढच्याच वर्षी स्पेनच्या टू-स्ट्रोक बुलटॅकोवर ती पुन्हा जिंकली आणि हलक्या टू-स्ट्रोकला चालावयास शिकविता येते हे जगास पटले. या कैफियतीवर कुटुंबाचा शेरा असा की, त्या मनुष्यास सहा दिवस घरी कोणी शोधले नसावे.

परंतु माझ्या खटाटोपाची खरी परीक्षा माळावर नव्हे, होसूर रस्त्यावर झाली. २०२२ सालच्या टॉमटॉमच्या पाहणीत बेंगळुरूच्या मध्यभागी दहा किलोमीटर जावयास सरासरी २९ मिनिटे लागत असल्याचे आढळले. म्हणजे ताशी वीस किलोमीटर, आणि तेही सरासरीने. सिल्क बोर्डाच्या चौकात ज्यांच्या गाड्या ताशी दीडशेच्या बाता मारतात ते स्वार पाय टेकीत, क्लच जाळीत आणि घाम पुशीत पुढे सरकतात. माझी आरएक्स मात्र, कड्याचे वजन पोटात घेऊन, पाय न टेकता, बसच्या सावलीतून सावकाश सरकते. या शहरास वेगवान गाड्यांची नव्हे, चालावयास शिकविलेल्या गाड्यांची गरज आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

म्हणून ज्यांच्या अंगणात, गोठ्यात वा सोसायटीच्या जिन्याखाली एखादी जुनी टू-स्ट्रोक ताडपत्रीखाली पडून असेल, त्यांना एवढेच सांगणे आहे: ती भंगारात घालू नका, वेगासाठी तिची चिरफाडही करू नका, कान शाबूत असलेला एखादा मिस्त्री शोधा, स्लो जेट साफ करून घ्या आणि खिशात जादा प्लग ठेवा. प्लगाचा क्रमांक घेण्यापूर्वी मात्र कंपनीचे नाव दोनदा वाचा.