बंद ठेवायचं मशीन

सोलापुरात बंद यंत्र कुणाला बघवत नाही. जुनी मिल गेली, लक्ष्मी-विष्णू मिलचा भोंगा थांबला, तेव्हापासून इथं कुठलाही खडखडाट थांबला की लोक ‘लाईट गेली का?’ विचारतात आणि ‘नाही’ म्हटलं की गप्प होतात. अशा गावात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या एका कारखानदाराला मला पटवायचं होतं की मालक, एक नवं मशीन घ्या, एकदाच चालवा आणि मग बंद करून कपाटात ठेवा.

“किती दिवस?”

“वीस वर्षं.”

मालकांनी चहा सांगितला. समोरचा वेडा आहे की विक्रेता, हे ठरेपर्यंत चहा सांगायची इथं रीत आहे.

गरज खरी होती. कॅमेरे, हजेरीचं मशीन, स्टॉकचं सॉफ्टवेअर, सगळं एकाच नेटवर्कवर. यातलं काहीही उघडलं की ब्राउझर आधी ‘कनेक्शन प्रायव्हेट नाही’ म्हणून बोंब ठोकायचा. स्टोअरमधला पोरगा न वाचता ‘ॲडव्हान्स्ड’ आणि मग ‘प्रोसीड’ दाबायचा. बोटं इतकी सरावलेली की उद्या खरोखरच कुणी मध्ये शिरून पासवर्ड चोरायला बसला, तर त्यालाही यानं ‘प्रोसीड’च म्हटलं असतं.

ज्यानं मार्कलिस्टच्या झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही मिळवायला ऐन मे महिन्यात सात रस्त्यापासून कचेरीपर्यंत चपला झिजवल्यात, त्याला सर्टिफिकेट ऑथॉरिटी वेगळी समजावून सांगावी लागत नाही. मशीन स्वतःची गुप्त किल्ली तयार करतं, ती स्वतःकडेच ठेवतं आणि नाव-पत्ता लिहून सहीसाठी अर्ज करतं. या अर्जाला सीएसआर म्हणतात. वरचा सही करून देतो. ब्राउझर मग मशीनचं तोंड बघत नाही, सही कुणाची ते बघतो. त्या सहीवाल्याला त्याच्या वरच्यानं सही दिलेली असते, त्याला आणखी वरच्यानं. आणि सगळ्यात वर जो रूट बसलेला असतो, त्याच्या सर्टिफिकेटवर अर्जदार तोच आणि मंजुरी देणाराही तोच.

“मग ते आपणच होऊ की,” मालक म्हणाले. “सही आपलीच चालणार असेल तर दुसऱ्याला पैसे कशाला?”

इंजिनिअरिंगच्या पोरांना हे समजायला एक सेमिस्टर लागतं.

देशाचंही असंच चालतं. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानं दिल्लीत प्रमाणन प्राधिकाऱ्यांचा नियंत्रक नेमला आणि भारताच्या डिजिटल सह्यांचं मूळ त्याच्याकडे ठेवलं. डाउनलोड केलेल्या ई-आधारवर सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं ना, तो आपल्यावर घेतलेला संशय नव्हे. आपल्या कॉम्प्युटरला दिल्लीच्या मुळाची ओळख नसते, इतकंच. 2014 च्या जुलैत एनआयसीच्या, म्हणजे सरकारच्याच संगणक खात्याच्या, सहीनं गूगलच्या नावाची बनावट सर्टिफिकेटं निघालेली सापडली. नियंत्रकांनी एनआयसीचा सहीचा अधिकारच काढून घेतला. आणि गूगलनं क्रोममध्ये भारताच्या मुळावर मोजक्या डोमेनपुरतीच मर्यादा घातली. सही करणारा फितूर झाला, की त्याच्या सगळ्या सह्या बाद.

म्हणून रूटचं मशीन बंद. नेटवर्कची वायर नाही, वायफाय नाही. ते एकदाच एका दुय्यम मशीनला सही देतं आणि रोजची शिक्केबाजी ते दुय्यम करतं. मोठ्या ठिकाणी या एका सहीचा चक्क सोहळा असतो. इंटरनेटच्या नावांची मूळ किल्ली वापरायची म्हणजे साक्षीदार, कॅमेरे, तिजोऱ्या. 2020 च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियात हा सोहळा पुढे ढकलावा लागला, कारण तिजोरीचं कुलूपच उघडेना. शेवटी कुलूपवाला बोलावून ते ड्रिलनं फोडलं. हे ऐकल्यावर मालकांची सगळी शंका फिटली. ज्या कामात कुलूप अडकतं ते काम मोठंच असणार.

मशीनला नाव द्यायचं होतं. मालक पद्मशाली, त्यांनी एका दमात ‘मार्कंडेय’ सांगितलं. सोळाव्या वर्षी मुदत संपणार होती आणि यमाला परत पाठवला, असा तो एकटाच! सर्टिफिकेटाच्या धंद्यात याहून शुभ नाव मला तरी सुचलं नसतं. बाहेरच्या जगात सर्टिफिकेटांचं आयुष्य आखूडच होत चाललंय. 2029 च्या मार्चपासून सार्वजनिक सर्टिफिकेट 47 दिवसांच्या वर मिळणार नाही. आमचा मार्कंडेय मात्र 2045 पर्यंत.

या जोशात मालकांनी हुकूम सोडला की आपल्या सगळ्या मशिनींना दहा-दहा वर्षांची सर्टिफिकेटं द्या, काटकसर नको. दिली. दुसऱ्या दिवशी धाकट्या मालकांच्या आयफोनवर काहीच उघडेना. आयफोनला सर्व्हरचं सर्टिफिकेट 825 दिवसांपेक्षा जास्त मुदतीचं चालत नाही, मग सही घरातल्या वडीलधाऱ्याची का असेना. बापाचा शब्द फोननं खाली पाडला. धाकटे तेवढ्यापुरते खूश दिसले.

अँड्रॉइडची तऱ्हा निराळी. त्यावर आमचं रूट बसवलं की फोन सांगतो, तुमच्या नेटवर्कवर कुणी अनोळखी पाळत ठेवत असेल. अकौंटंट माझ्याकडे बघून म्हणाले, “तुम्ही माझं व्हॉट्सॲप वाचालाव का हो?” नाही म्हणालो, आणि ते खरंच होतं. पण त्याच दिवशी शेजारच्या रॅकमध्ये मी नेटवर्कवर नजर ठेवणारा सर्व्हर बसवत होतो, त्यामुळे माझा चेहरा काही साथ देईना.

हा दुसरा सर्व्हर एसएनएमपीच्या भाषेत दर पाच मिनिटांनी प्रत्येक स्विचला ‘बरा आहेस ना?’ विचारतो. एसएनएमपी आणि सर्टिफिकेटाचा एक्स-509 हा नमुना, दोन्ही 1988 चे. पण एकाला कुणावरच विश्वास नाही आणि दुसऱ्याचा पूर्वापार पासवर्ड ‘पब्लिक’! तो आधी बदलला. मग आलेख उमटू लागले आणि कारखान्याच्या गोष्टी बाहेर यायला लागल्या. कापसाच्या तंतूंनी पंखा गच्च भरलेला स्विच तापून विव्हळत होता, ते कळलं. भारताची मॅच असली की ‘स्टॉक तपासणी’ला किती बँडविड्थ लागते तेही कळलं. गोदामातला स्विच रोज दुपारी दीडला मरायचा आणि सव्वादोनला जिवंत व्हायचा. जाऊन बघितलं तर गोदामातले मामा कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन बसलेले, स्विचचा प्लग जमिनीवर आणि त्या जागी टेबलफॅनचा. बाहेर त्रेचाळीस डिग्री. मामांचं म्हणणं, “त्याला रातभर लावतोच की.” मी त्या वेळेचा अलार्म बंद करून टाकला.

राहता राहिली रद्द सर्टिफिकेटांची यादी. तिच्यावर रूटची ताजी सही लागते, म्हणजे वर्षातून एकदा मार्कंडेयाला कपाटातून काढणं आलं. मालकांनी मुहूर्त ठरवला: खंडेनवमी. नाहीतरी त्या दिवशी मागांची पूजा असते, हेही बाहेर येईल. फक्त यादीची मुदत 365 दिवस ठेवून भागेना, कारण 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ, नवरात्र पुढे सरकतं. मी 400 दिवस ठेवली. अधिक मासाची तरतूद कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही.

किल्ली गुप्त असली तरी सर्टिफिकेट कुणालाही दाखवता येतं, हे मी एकदा बोलून गेलो होतो. मालकांनी ते छापून, सोनेरी चौकटीत, जीएसटीच्या प्रमाणपत्राशेजारी टांगलं. मध्यंतरी तपासणीला एक साहेब आले. चष्मा सावरून त्यांनी ते पूर्ण वाचलं.

“हे कुणी दिलं?”

“आम्ही.”

“कुणाला?”

“आम्हालाच.”

साहेबांनी 2045 ही तारीख पुन्हा एकदा बघितली, वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, “ठीक आहे. याची एक सेल्फ-अटेस्टेड झेरॉक्स द्या.”